निळू फुले: गावच्या पाटलापलीकडे काय दाखवावं?

प्रश्न: नाट्यशिबिरातल्या मुलांना निळूभाऊ म्हणजे वाड्यावरचा खलनायक, एवढंच ठाऊक आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: आधी ‘सामना’, लगेच ‘सिंहासन’ (१९७९). दोन्हींचं दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा विजय तेंडुलकरांची. ‘सामना’त ते हिंदुराव धोंडे पाटील, हातात सगळी सत्ता, तर ‘सिंहासन’मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस नुसता बघतो, ऐकतो. दिगूचे प्रसंग आवाज बंद करून एकदा दाखवाच. संवाद समोरचा बोलतोय, पण आपली नजर दिगूवरच राहते.

उत्तर २: रंगभूमी वगळू नका. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हा वग (लोकनाट्य), १९६८ला ‘एक गाव बारा भानगडी’तून सिनेमा आणि १९७२ला कमलाकर सारंगांच्या दिग्दर्शनात ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक. वगात थांबून, प्रेक्षकांची दाद घेऊन वाक्य पुढे न्यावं लागतं. ते थांबणं त्यांनी पडद्यावरही सोडलं नाही.

नकलेत मुलं हमखास घसा खरवडतात. तिथेच फसतं: दहा मिनिटांत आवाज बसतो आणि थांबे हरवतात. एकच वाक्य तीनदा म्हणायला लावा. आधी सपाट, मग शेवटच्या शब्दाआधी थांबून, मग हळू आवाजात, मान न हलवता. धाक तिसऱ्या वेळी येतो.

उत्तर ३: ‘सारांश’ या हिंदी सिनेमातला (१९८४) पुढारी गजानन चित्रेही घ्या. भूमिका लहान, भाषा वेगळी, दहशत तीच.