दोन फर्मे फुकट तपासून द्या, मग बघू!

बर्डीची वाचक
एम.ए. मराठी झालं. दोन वर्षं घरून मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफं तपासायचं काम करतेय. इथल्याच, नागपुरातल्या एका प्रकाशकाकडे काम मागायला गेले तर म्हणाले, "नमुना म्हणून हे दोन फर्मे तपासून द्या, मग बघू." दोन फर्मे म्हणजे डेमी आकाराची ३२ पानं. तीन रात्री घातल्या, पाठवलं, पुढे फोनच नाही. परवा ते पुस्तक दुकानात दिसलं. पान ३२ पर्यंत 'नावीन्य', ३३ पासून 'नाविन्य'. ६५ पासून दुहेरी अवतरणचिन्हं अचानक एकेरी. पानं १६०, म्हणजे दहा फर्मे, म्हणजे माझ्यासारखे पाच उमेदवार! अख्खं पुस्तक नमुन्यांवर उरकलं.
माझं मत: नमुना दोन पानांचा. तिसऱ्या पानापासून पैसे. नवोदितांनी एकजात हेच सांगावं.

खिळेवाला
नाही पटलं. मी महालातल्या एका प्रेसमध्ये शिकलो. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवणारा कंपोझिटर हाच माझा मास्तर. ओल्या गॅलीवर, म्हणजे पहिल्या कच्च्या प्रूफवर खूण केली की तो विचारायचा, "ही वेलांटी काहून बदलली?" उत्तर नाही आलं तर प्रूफ परत. वर्षभर चहावर काम केलं. हात असाच बसते, बेटा. तू दोन फर्म्यांचाच हिशोब करून राहिली.

बर्डीची वाचक
काका, तुमच्या शेजारी 'काहून' विचारणारा माणूस होता. मला फक्त पीडीएफ आली. माझं काय चुकलं, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. त्याला शिकणं म्हणू?

धंतोलीचा छोटा प्रकाशक
जे झालं ते वाईटच. पण आमची बाजूही ऐका. कथासंग्रहाच्या ५०० प्रती काढतो. विक्रेत्याचं कमिशन आधी जातं, ग्रंथालयांची बिलं महिनोन्महिने अडकतात. कागदवाला आणि बायंडर थांबत नाहीत. मग ज्याला थांबवता येतं त्याला थांबवतो.

प्रूफची लाल पेन
म्हणजे तपासणारा थांबतो म्हणून त्यालाच थांबवायचं. लिहून दिलंत, बरं झालं. लेखकाकडून पैसे घेऊन छापणारे काहीजण आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचेही पैसे लावतात. तो क्रमांक आपल्याकडे मोफत मिळतो. तिथे जमतं, संपादनाचा रकाना मात्र कोरा.

वऱ्हाडी माणूस
तुम्ही सगळे प्रूफवरच अडकलात. ऱ्हस्वदीर्घ बघण्यात करिअर नाही, संपादनात आहे. माझ्या मित्राची कादंबरी बाहेरगावी तपासायला गेली. परत आली तेव्हा म्हातारीच्या तोंडातले 'काहून' गायब, सगळीकडे 'का'. बाई एकदम आकाशवाणीवरच्या निवेदिकेसारखी बोलायला लागली. शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे वाढीव चार पाठ असणारे पुष्कळ मिळतात. वऱ्हाडी कुठे, झाडीबोली कुठे, कोणतं रूप ठेवायचं, हे ज्याच्या कानाला कळतं असा संपादक नागपुरात नाही घडणार तर कुठे? 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवतांनी काय केलं, तर लेखकाशी बोलत राहिले. व्हा तसे.

प्रूफची लाल पेन
'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झालं, भाऊ. लेखकाशी बोलत राहायला आधी घरभाडं सुटावं लागतं. माझं कशावर चालतं सांगू? स्पर्धापरीक्षांच्या गाईडवर. त्यात श्रीलिपी या जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर, जोडाक्षरांचा पार खुर्दा झालेला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीही चांगलं काम येतं. दीक्षाभूमीच्या स्टॉलवर पुस्तक दसऱ्याला पोचलं नाही तर वर्ष गेलं, म्हणून ती मंडळी तारीखही पाळतात आणि रोखही देतात. त्यांच्याकडे माझा पैसा कधीच बुडाला नाही. साहित्यिक पुस्तकांवर तीनदा बुडाला.

धंतोलीचा छोटा प्रकाशक
ठीक. पुढच्या पुस्तकापासून श्रेयपानावर तपासणाऱ्याचं नाव टाकीन आणि निम्मे पैसे आधी देईन. पूर्ण आधी जमणार नाही, खोटं कशाला बोलू.

बर्डीची वाचक
निम्मे चालतील. पण नमुना दोनच पानांचा.

खिळेवाला
बेटा, ते पुस्तक घेऊन ये एकदा. ३३ पासून कोणी तपासलं ते मी सांगतो. 'नाविन्य' लिहिणारा एक चेला माझाच आहे, आणि तोही दोन महिन्यांपासून फोनची वाट पाहून राहिला.