हॉबी लॉबी, बिशप आणि आपलं मखर

चहा_बिस्किट
काल आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं आणि माझं डोकंच सटकलं, तिथे उत्तर दिलं असतं तर वर्गणी परत देऊन हाकललं असतं म्हणून इथे लिहितेय. मजकूर असा की ओबामाकेअर या अमेरिकेच्या आरोग्यविमा कायद्यातल्या, मालकाने दिलेल्या इन्शुरन्समध्ये गर्भनिरोधकं असलीच पाहिजेत या सक्तीविरुद्ध हॉबी लॉबी या क्राफ्टच्या सामानाच्या दुकानसाखळीचे मालक कोर्टात गेले, बिशप नि पाद्री त्यांच्या मागे उभे राहिले, २०१४ ला सरकार तोंडावर आपटलं, धर्मस्वातंत्र्य वाचलं, आता आपल्या बुवा-महाराजांनी यातून शिकावं. खाली हात जोडलेल्यांची रांग.

कोणाचं स्वातंत्र्य वाचलं हो? मालकाचं. मालक ग्रीन कुटुंबाची तेव्हा दुकानं पाचशेच्या वर, फुल-टाइम माणसं तेरा हजार. त्यातली जी बाई दिवसभर गल्ल्यावर उभी राहून रिबिनी नि फ्रेमा विकते तिचं काय? इन्शुरन्स म्हणजे मालकाने वाटलेला प्रसाद नाही, तिच्या कामाचाच मोबदला आहे तो. पगाराचं ती काय करते ते मालक विचारत नाही ना, मग इन्शुरन्समध्ये नाक कशाला? पाद्री रिक वॉरन काय, कॅथलिक कार्डिनल डोलन काय, सगळे मालकाच्या विवेकबुद्धीसाठी गहिवरले, २०१२ ला बिशपांनी २१ जून ते ४ जुलै चांगला पंधरवडा पाळला स्वातंत्र्याचा. गल्ल्यावरच्या बाईला पण विवेकबुद्धी असते हे त्यात कुठे बसलं नाही.

टल्सावाले_नाना
ताई, अर्धीच गोष्ट सांगताय. २० पैकी १६ पद्धतींना त्यांची काही हरकत नव्हती. भांडण चारांवर, दोन 'सकाळनंतरच्या' (संबंधांनंतर घ्यायच्या) गोळ्या आणि दोन आययूडी (कॉपर टीसारखी गर्भाशयात बसवायची साधनं), कारण त्यांच्या मते फलित झालेलं बीज रुजू न देणं म्हणजे जीव घेणं. तुम्हाला पटो न पटो, त्यांची श्रद्धा आहे. आणि त्यावर दंड किती, तर माणशी दिवसाला १०० डॉलर, म्हणजे वर्षाला साडेसत्तेचाळीस कोटी! हा दंड आहे का दरोडा? रविवारचा धंदा सोडून दुकान बंद ठेवणारा माणूस आहे तो, नुसता तोंडाने येशू येशू करणारा नाही. केंद्राचं किमान वेतन सव्वासात डॉलरवर अडकलेलं असताना २०२२ ला फुल-टाइमवाल्यांना साडेअठरा दिलेत. माझी बायको चार वर्षं एका अशाच चर्चवाल्या मालकाकडे होती (ही कंपनी नाही, छोटं दुकान), लक्ष्मीपूजनाला न मागता सुट्टी द्यायचा. ज्याला स्वतःचा देव कळतो त्याला दुसऱ्याचा पण कळतो असा माझा अनुभव.

खवट_पुणेकर
त्या चारातल्या दोन्ही गोळ्या २०१२ पर्यंत त्यांच्याच प्लॅनमध्ये होत्या, दावा लावताना त्यांनी स्वतःच सांगितलंय. सरकारची सक्ती आल्यावर प्लॅन उघडून बघितला आणि मग देव आठवला. एवढे धर्मभीरू तर इराकच्या साडेपाच हजार पुराणवस्तू 'सिरॅमिक टाइल्स' असं लेबल लावून कशा आल्या बरं? २०१७ ला तीस लाख डॉलर भरून मिटवावं लागलं. हात जोडणाऱ्यांनी हेपण फॉरवर्ड करा.

टल्सावाले_नाना
विषय काय आणि बोलताय काय. पुण्यात कोणी दुकान दुपारी बंद ठेवलं तर ती परंपरा, ओक्लाहोमात रविवारी ठेवलं तर ढोंग.

खवट_पुणेकर
दुपारी आम्ही झोपतो, गिऱ्हाइकाने पण झोपावं असं कायद्याने मागत नाही.

अर्धा_वकील
दोघंही जरा थांबा. ज्या कायद्यावर हॉबी लॉबी जिंकली तो १९९३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, आणि तो कोणा शेठसाठी झालेला नव्हता. ओरेगॉनमध्ये नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या दोघांनी धार्मिक विधीत पेयोटी (नशा आणणारं निवडुंग) घेतलं म्हणून नोकरी गेली, बेकारभत्तापण नाकारला, १९९० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं सगळ्यांना लागू असलेला कायदा तुम्हालापण लागू. निकाल लिहिणारा न्यायमूर्ती स्कालिया, म्हणजे कोणी डावा नव्हे. त्यावर सगळेच भडकले आणि सिनेटने ९७ विरुद्ध ३ ने हा कायदा आणला, सही क्लिंटनची. म्हणजे पाठिंबा देणाऱ्यांत डावे उजवे सगळे होते. दुबळ्याच्या संरक्षणासाठी केलेली ढाल पुढे तेरा हजार माणसं ठेवणाऱ्याच्या हातात गेली, ताईंचा खरा राग इथे असायला हवा, बिशपांवर नाही.

आणि हॉबी लॉबीच्या ५ विरुद्ध ४ च्या निकालात न्यायमूर्ती अलिटोने जे म्हटलं ते मला अजून पटतं. धार्मिक संस्थांसाठी सरकारनेच सोय केलेली की मालकाने नकार कळवायचा आणि इन्शुरन्स कंपनीने परस्पर पैसे भरायचे, मग तीच सोय यांना का नाही? बाईचं नुकसान शून्य.

चहा_बिस्किट
शून्य? निकाल ३० जूनचा. ३ जुलैला त्याच कोर्टाने व्हीटन या ख्रिस्ती कॉलेजला सांगितलं की तुम्ही तो नकाराचा फॉर्मपण भरू नका. तीन दिवस टिकली तुमची सोय! मग लिटल सिस्टर्स या वृद्धाश्रम चालवणाऱ्या नन्सचं प्रकरण सुप्रीम कोर्टात २०२० पर्यंत चाललं, त्यांचं म्हणणं काय तर नकार कळवणं हीसुद्धा पापात भागीदारी. फॉर्म भरला तरी पाप म्हटल्यावर बाईने कुठे जायचं?

अर्धा_वकील
व्हीटनचं मान्य. तिथे कोर्टाने स्वतःचाच शब्द फिरवला, न्यायमूर्ती सोटोमायोरने ते चांगलंच सुनावलं. पण बाकी मुद्दा सोडत नाही.

लेबररूम
मी अठ्ठावीस वर्षं सातारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर होते, आता मुलाकडे ह्यूस्टनला असते. कॉपर टी म्हणजे जीव घेणं हे वाचून हसावं का रडावं कळेना. तांब्यामुळे शुक्राणूच निकामी होतात, मुळात फळतच नाही बहुतेक वेळा. (संबंध आल्यानंतर चार-पाच दिवसांत घाईने बसवली तर रुजायला अडथळा होऊ शकतो, तेवढं नानांना देते.) आणि त्या गोळ्या बीजांड बाहेर पडणं लांबवतात, इथल्या एफडीएने (औषधं मंजूर करणारं सरकारी खातं) २०२२ ला त्यातल्या प्लॅन बीच्या लेबलवरचं ते रुजण्याचं वाक्यच काढून टाकलं. आमच्याकडे सरकारी दवाखान्यात कॉपर टी फुकट. एक बाई यायची, नवरा आणि सासू दोघांच्या चोरून, मशेरी घेऊन येते म्हणून घरातून निघायची, पदरात खरंच मशेरीची पुडी बांधलेली असायची. टेबलावर पडल्यापडल्या विचारायची सिस्टर धागा त्याला लागायचा नाही ना, म्हणून आखूड कापून द्यायचे. तिचा मालक घरात होता. इथे आल्यावर सून सांगते ऑफिसच्या प्लॅनमध्ये काय आहे बघते, म्हणजे इथे मालक अजून एक वाढला.

टल्सावाले_नाना
सिस्टर, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण गर्भ कधीपासून मानायचा हे एफडीए ठरवणार नाही, तो श्रद्धेचा प्रश्न आहे.

वसईची_मावशी
नाना, आम्हाला श्रद्धा शिकवू नका, मी मिस्सा चुकवत नाही. इव्हँजेलिकल आणि कॅथलिक एकाच पिशवीत भरताय सगळे. हॉबी लॉबीला १६ चालतात, आमच्या बिशपांना विसातलं एकही चालत नाही, १९६८ ला पोपनी लिहून दिलंय. आणि सदर्न बाप्टिस्ट या इव्हँजेलिकल पंथाच्या लोकांनी तर १९७१ ला ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या तब्येतीला धोका असेल तर गर्भपाताची मुभा असावी. नंतर फिरले. त्यामुळे सनातन श्रद्धा वगैरे जरा जपून. माझ्या आईला आम्ही सात, मला दोन, माझ्या बहिणींना दोन-दोन. फादरना काय दिसत नाही? दिसतं, पण फादर चांगले होते, कधी विचारलं नाही. आणि धर्मगुरूने सरकारविरुद्ध उभं राहावं म्हणता ना, आमचे फादर दिब्रिटो वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी उभे राहिले, गावाच्या पाण्यासाठी. फॉरवर्ड करणाऱ्यांना ते नाही आठवलं, ओक्लाहोमाचा शेठ बरा आठवला.

तरी एक सांगते, सरकारने उद्या आमच्या सिस्टर्सच्या वृद्धाश्रमाला गर्भनिरोधकांचे पैसे भरा म्हटलं तर मी सिस्टर्सच्या बाजूने. दुकान वेगळं, आश्रम वेगळा.

खवट_पुणेकर
मावशी सातांवरून दोनावर आल्या हाच खरा निकाल.

नवीन_आयडी_७
मुद्द्याचं बोलायचं तर गणपतीच्या मखराचं सामान हॉबी लॉबीतून आणायचं की नाही? आमचं बजेट ठरायचंय.

चहा_बिस्किट
मी २०१४ पासून पाय ठेवलेला नाही. दुसऱ्या दुकानांतून आणते, महाग पडतं, पडू दे.

टल्सावाले_नाना
ते ४० टक्क्यांचं कूपन होतं तेव्हा अर्ध्या अमेरिकेचे गणपती तिथल्या फोम बोर्डवर बसले. आता २०२१ पासून कूपन बंद झालं आणि सगळ्यांची तत्त्वं जागी झाली.

चहा_बिस्किट
मी कूपन असताना सोडलंय, नीट वाचा.

नवीन_आयडी_७
पण सोनेरी लेस त्यांच्याइतकी कुठे मिळत नाही हे मान्य करा.

लेबररूम
लेस कशाला लागते. सुनेच्या जुन्या पैठणीचा काठ लावा, धुऊन परत ठेवता येतो. फोमपण नको, पुठ्ठा घ्या. तिकडे थर्माकोल २०१८ ला बंद झालं तर काय गणपती बसायचे राहिले?

टल्सावाले_नाना
पुठ्ठा इथल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी वाकतो. आमचा वाकला, ऐन आरतीत कमान बाप्पाच्या मुकुटावर.

अर्धा_वकील
कोणाला आठवत असेल तर आपण विवेकबुद्धीबद्दल बोलत होतो. न्यायमूर्ती गिन्सबर्गबाईंनी हॉबी लॉबीच्या निकालावरच्या विरोधी मतात हेच विचारलं होतं, उद्या मालक यहोवावाला (रक्त घेणं पाप मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा) निघाला आणि रक्त चढवण्याचा खर्च इन्शुरन्समध्ये द्यायला नाही म्हणाला तर? डुकरापासून केलेली औषधं, जिलेटिनच्या गोळ्या, त्यात मुसलमान, ज्यू आणि हिंदूंचं पण नाव घेतलंय. आपल्यातला एखादा कट्टर माळकरी मोटेलमालक तीच ढाल उचलेल तेव्हा ग्रुपवर कोण हात जोडणार ते बघायचंय.

खवट_पुणेकर
तो इन्शुरन्सच देत नाही. प्रश्न मिटला.

टल्सावाले_नाना
बरं ताई, दंडाचा आकडा जुलमी होता एवढं तरी म्हणा.

चहा_बिस्किट
जुलमी होता. पण इन्शुरन्स बंद करून माणशी वर्षाला दोन हजार भरायचा पर्याय पण होता, दोन कोटी साठ लाखात सुटले असते, तो आकडा तुमच्या फॉरवर्डमध्ये नसतो.

टल्सावाले_नाना
माझं फॉरवर्ड नाहीये ते. आणि तेरा हजार लोकांचा इन्शुरन्स काढून घेतला असता तर तुम्हीच पहिला धागा काढला असता.

चहा_बिस्किट
काढला असता.

टल्सावाले_नाना
गेल्या वर्षीचे दोन फोम बोर्ड गराजमध्ये पडलेत, अखंड. शनिवारी डॅलसला येतोय, हवे असतील तर टाकतो गाडीत. कुठून घेतले ते विचारू नका.

चहा_बिस्किट
आणा. मागचं स्टिकर काढून आणा.