मिस्त्री आला का? घरदुरुस्तीचे अनुभव सांगा

गच्चीवरची_काकू
आज पाच दिवसांनी पाणी सुटलं. मोटर लावून भाकरी टाकायला बसले, तेवढ्यात गच्चीवरून धबाधबा आवाज. टाकीचा फ्लोट अडकलेला. सगळं उजनी धरण बोळात! समोरच्या मावशींनी तेवढ्यात पायऱ्या धुऊन घेतल्या.

त्यावरून सासऱ्यांची आठवण आली. न्हाणीतला नळ ठिबकायचा आणि प्लंबर "उद्या येतो" म्हणून अठरा दिवस फिरकला नव्हता. मामंजी कॅलेंडरवर रोज फुली मारायचे, दुधाच्या खाड्यासारखी. एकोणिसाव्या दिवशी भर उन्हात त्याची गाडी पंक्चर झाली, ती नेमकी आमच्या फाटकासमोर. मामंजींनी आधी ताक दिलं, मग पाना. वायसर बदलायचा होता फक्त. गाडी घेऊन पोराला पंक्चरवाल्याकडं पाठवलं, आणि हळूच सांगितलं, सावकाश काढ म्हणावं.

तुमचेही येऊ द्यात.

चादरवाला
काकू, उद्या म्हणजे कुठला उद्या ते विचारून घ्यायचं असतं. आमचा सुतार न्हाणीचं दार फुगलंय म्हणून रंधा मारायला घेऊन गेला. संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा उठली, दार आलं होळीला. तोवर दाराला सोलापुरी चादर, डबलची. आत जाणाऱ्यानं गाणं म्हणायचं, असा नियम होता. आमचे बाबा फक्त आरत्या म्हणायचे.

पूर्वभाग
मोटर नुसती गुंगुं करत होती, फिरतच नव्हती. मिस्त्री म्हणाला वाइंडिंग जळलं, साडेतीन हजार. मग बाजूला जाऊन फोनवर दुकानदाराला तेलुगूत सांगतोय, कपॅसिटर गेलाय रे, एक पाठव. माझं सगळं बालपण अशोक चौकात, तेलुगू शेजारात गेलंय हे त्याला काय माहीत! मी शांतपणे विचारलं, "नीळ्ळु तागुतावा?" पाणी प्यायला नाही बिचारा. कपॅसिटरचेच पैसे घेतले.

जुळेकर_७७
हे बरं सांगितलं. आमचा पंखा पण रडत फिरतोय, तेच असेल का? सात रस्त्याला मिळेल?

पूर्वभाग
इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. जुना सोबत न्या, पंख्याला बहुतेक अडीच मायक्रोफॅरडचा असतो. मेन बंद करून काढा. आणि स्टुलावर स्वतः चढू नका, मागच्या वेळचं लक्षात आहे ना?

जुळेकर_७७
तो विषय नको बे.

माळवद
आजोळी अक्कलकोटकडं माळवदाचं घर होतं. मिरगाच्या आधी आजोबा वर पांढरी माती पसरायचे. तरी गळलं तर आजी पातेली मांडायची, संपला विषय. आता इथं स्लॅब. हॉलमध्ये ओल आली म्हणून हॉलवर केमिकल मारलं. पाच वर्षांची गॅरंटी म्हणाला, पुढच्या पावसात तो आहे की नाही याचीच गॅरंटी नव्हती. दुसरा गवंडी म्हातारा होता. त्यानं सांगितलं, ओल दिसते तिथं भेग नसते, पाणी स्लॅबमधून फिरत येतं. भेग निघाली जिन्याच्या कोपऱ्यात, सात-आठ फुटांवर. ती बघायला म्हणाला गच्चीत दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा. मी म्हटलं, बाबा, आम्हाला प्यायला पाचव्या दिवशी येतंय!

चादरवाला
मग तुंबवलं का?

माळवद
टँकर मागवला. गच्चीला पाजायला टँकर. गल्ली अजून हसते.

शेंगाचटणी
माझा अनुभव नाही काही, भाड्याच्या घरात राहते, मालक बघतात (म्हणजे नुसते बघतात). काकू, भाकरीचं काय झालं?

गच्चीवरची_काकू
एक करपली, ती माझ्या ताटात. बाकीच्या उन्हात टाकल्यात, कडक होतील. चटणी घेऊन ये.
फ्लोटवाल्याला आत्ताच फोन केला. "निघालोच काकू" म्हणाला. मागून बायकोचा आवाज आला, "उठा आता, नऊ वाजले."

चादरवाला
फाटकासमोर दोन खिळे टाकून ठेवा.