कोबीवरील अळीतून निघालेले पिवळे कोष कोणाचे?

प्रश्न: कोबीवरच्या अळीचे अंग फोडून बाहेर आलेल्या बारीक अळ्यांनी तिच्याशेजारीच पिवळे कोष विणले आणि त्यांतून काळ्या, मुंगीएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या. परजीवी गांधीलमाश्यांच्या दोन कुलांपैकी हे ब्रॅकोनिडी की इक्न्यूमोनिडी?

उत्तर 1: वर्णनावरून कोटेशिया ही प्रजाती, म्हणजे ब्रॅकोनिडी कुल. भिंगाखाली पुढचा पंख पाहावा. इक्न्यूमोनिडींत बहुधा आढळणारी दुसरी आवर्ती शीर (पंखातील एक आडवी शीर) तेथे नसेल.

उत्तर 2: ही भगिनी कुले, म्हणजे एकमेकांची सर्वांत जवळची नातलग, आहेत, परंतु अंड्यांसोबत यजमान अळीच्या शरीरात सोडल्या जाणाऱ्या विषाणूंना नात्याचा पुरावा मानू नये, कारण ब्रॅकोनिडींनी ते सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी आत्मसात केले, तर इक्न्यूमोनिडींच्या विषाणूंचा उगम स्वतंत्र आहे.

उत्तर 3: ‘पॅरासिटिका’ हा परजीवी गांधीलमाश्यांचा जुना गट तर सोडूनच द्यावा. मुंग्या आणि मधमाश्या त्याच्याच एका शाखेतून आल्या असताना त्यांना बाहेर ठेवणे म्हणजे अर्धीच वंशावळ लिहिणे होय.