पहिलवान विरुद्ध तलवार: हातघाईचे नियम कसे बसवायचे?

परभणीकर_डीएम
दख्खनच्या किल्ल्यांवर बेतलेला घरगुती डी२० खेळ (वार लागला का ते २० बाजूंच्या फाशानं ठरतं) चालवायलोय. तलवारीची इजा १डी८ (म्हणजे ८ बाजूंचा एक फासा), टर्नला एक वार. पहिलवानाचा ठोसा १डी६, पण दोन मारतो. दोघांनाही ताकद +३ (इजेत मिळवायची), हल्ला +५ (डी२० मध्ये मिळवायचा). समोरच्याचं रक्षण १४, तेवढी बेरीज झाली की वार लागतो. टेबलावर कुणी तलवारच उचलंना. ठोसा १डी४ वर आणला तरी तेच. गडबड कुठंय?

नांदेडी_फासे
फाशात नाही भाऊ, त्या +३ मध्ये आहे. तो दोन्ही ठोशांना लागायलाय. १४ गाठायला ९ किंवा वर पडावं लागतं, म्हणजे ६०%. तलवारीची सरासरी इजा (४.५ + ३) ७.५ × ०.६ = ४.५. १डी४ चे दोन ठोसे ११ × ०.६ = ६.६, १डी६ चे तर ७.८. १डी४ ठेवून दुसऱ्या ठोशाचा +३ काढा, ४.८ वर येतंय. जमलं.

चिलखतानं रक्षण वाढवू नका, प्रत्येक फटक्याच्या इजेतून २ वजा करा (शून्याखाली नाही). तलवार ३.३ वर येते, ठोसे २.५५ वर. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) खेळाच्या २०१४ च्या नियमांत मंक या हातानं लढणाऱ्या पात्राच्या जादा ठोशाला पूर्ण बोनस मिळतो, पण चिलखत किंवा ढाल घेतली की तो ठोसाच जातो. तुमच्या पहिलवानाच्या अंगावर चिलखत असेल तर आधी ते उतरवा.

लातूरचा_पट
आकडे जुळले तरी दोघं समोरासमोर उभं राहून फासेच टाकत बसतील, राव. अंतर आणा: लांब, हातघाई, पकड.

लांबून हातघाईत शिरताना भाला-तलवारवाल्याला एक फुकट वार. वार लागला तरी पहिलवान आत येतोच. इथं त्याला अडवलं तर दहातल्या सहा वेळा तो बाहेरच राहील आणि खेळणारा वैतागेल. आत आला की लांब हत्याराला दोन डी२० टाकून कमी आकडा घ्यायचा: ६०% चे ३६%. कट्यार, बिचवा, वाघनख यांना ही अडचण नाही, म्हणून कमरेला कट्यार ठेवण्याला अर्थ येतो.

पकडीला ताकदीविरुद्ध ताकद. जिंकला तर समोरचा जागचा हलत नाही. ५ किंवा जास्त फरकानं जिंकला तर धोबीपछाड, १डी६ आणि आडवा. थेट चीतपट म्हणजे मेला, असं करू नका. मग प्रत्येक लढाई एकाच फाशावर संपती.

नकाशात देवगिरीची अंधारी घाला. त्या काळोख्या, वळणाच्या भुयारात भाला फिरवायला जागाच नाही, लढाई हातघाईतच सुरू होते.

परभणीकर_डीएम
अन् दांडपट्टा? आणि राक्षस, हत्ती?

लातूरचा_पट
पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही. पकडीत तो निकामी, काढायला एक टर्न. लांब अंतरावर मात्र एकदम दोघांवर वार द्या. आपल्यापेक्षा दोन आकार मोठ्याला पकड नाहीच.

नांदेडी_फासे
तलवारवाल्याला जादूची +१ तलवार देणार असाल तर पहिलवानालाही +१ चं कडं द्या. नुसत्या लोखंडानं न मरणारं भूत आलं की बिचाऱ्याला मारायला काहीच उरत नाही.