मदत हवी आहे: शिबपूरची बाग, आईचे गुडघे

पुढच्या महिन्यात भुसावळहून रेल्वेने हावड्याला जातोय. शिबपूरचं १७८७ सालचं वनस्पती उद्यान बघायचंय, खरं म्हणजे तिथला अडीचशे वर्षांचा वड. त्याचं मूळ खोड १९२५ मध्ये काढलं, झाड पारंब्यांवर उभं आहे. (आई विचारते, मग वटपौर्णिमेला दोरा कशाला गुंडाळायचा?)

बाग शंभर हेक्टरांहून मोठी आणि आईला अर्ध्या किलोमीटरच्या वर चालवत नाही. सोमवारी बंद असते, ते माहीत आहे. नकाशा पाहिला, दोघा ओळखीच्यांना विचारलं. एक म्हणतो आत बॅटरीची गाडी मिळते, दुसरा म्हणतो आम्ही पायीच फिरलो. व्हीलचेअरवर ती बसणार नाही.

नुकतंच कोणी जाऊन आलंय का? वडाला सगळ्यात जवळचं गेट कोणतं, आणि तिथून गाडी खात्रीने मिळते का?