लिंक्डइनवर शिफारस मागितलीय, काय लिहू?

कोरीपाटी:
माझ्या हाताखाली दोन वर्षं काम केलेला एक मुलगा नोकरी बदलतोय. लिंक्डइनवर माझी जाहीर शिफारस हवी म्हणतो. स्वभावाने सोनं, कामात यथातथाच. 'मेहनती, प्रामाणिक, सर्वांना सांभाळून घेणारा' असं लिहिलं आणि वाचून पाहिलं, तर ते कुणालाही चिकटवता आलं असतं. पुसलं. चार दिवस विनंती तशीच पडून आहे. खोटं लिहायचं नाही, त्याचं मनही मोडवत नाही.

रात्रपाळी:
लिहा हो चार ओळी. कोण वाचतंय?

जुनीवही:
मी वाचते. मुलाखती घेणं हेच माझं काम. विशेषणांवर नजर थांबत नाही, प्रसंगावर थांबते. एकाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, 'चूक दुसऱ्याची होती, पण चिडलेल्या ग्राहकाचा फोन यानेच घेतला.' मुलाखतीत माझा पहिला प्रश्न त्या फोनबद्दलच होता.

तुमचा मजकूर आधी त्यालाच दिसणार. त्याने मान्य केला तरच तो लोकांसमोर येतो, त्यामुळे तिथे निंदा सापडायचीच नाही. मग जे लिहिलेलं नसतं तेही आम्ही वाचतो. वरिष्ठाने नुसतं 'वेळेवर यायचा' लिहिलं, की समजायचं ते समजतो.

(ऑर्कुट या जुन्या सोशल साइटवर मित्रमैत्रिणी एकमेकांबद्दल टेस्टिमोनियल लिहायच्या, त्यालाही अशीच मान्यता लागायची. मैत्रिणी त्यातून गुपितं पाठवायच्या, खाली 'अ‍ॅक्सेप्ट करू नकोस'. एकदा मी केलं. असो.)

तुमचा पेच नवा नाही. अमेरिकेचा मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये असताना शिफारसपत्रं मागणाऱ्यांनी त्याला इतकं भंडावलं, की १७७७ मध्ये त्याने अनोळखी माणसासाठी एक नमुनापत्रच लिहून ठेवलं. आशय असा, की याच्या गुणांबद्दल यालाच विचारा, माझ्यापेक्षा त्याला ते नक्कीच जास्त ठाऊक असतील!

तुम्ही तर त्याला ओळखता. कुणी न सांगता त्याने केलेलं एखादं काम आठवतंय?

कोरीपाटी:
आठवलं. नवीन माणूस आला की पहिला आठवडा हाच त्याच्या शेजारी बसून काम दाखवायचा. मी कधी सांगितलं नव्हतं. चालेल?

जुनीवही:
धावेल. किती जणांना शिकवलं, तो आकडा घाला.

कोरीपाटी:
सहा. पाठवलं. त्याने बदल सुचवून परत पाठवलंय: 'सर, शेवटी मेहनती पण लिहा ना.'

रात्रपाळी:
मग?

कोरीपाटी:
लिहिलं.